विमानाची गालगुंडं

माझे वडील रेशनचं रॉकेल आणलं की घरी येऊन पुन्हा मापायचे. माप बरोबर भरलं तरी त्यांचं समाधान होत नसे. आज मुद्दाम पुरतं दिलंय, म्हणजे दुकानदार उद्या माप मारायला मोकळा, असं म्हणायचे. अशा घरात मी वाढलो. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे खरंच तिनंच केलेत का, हे मी तिच्या धाकट्या बहिणीला बाजूला घेऊन विचारलं होतं. ती मुलगी पुढं माझी बायको झाली आणि ते पोहे तिनं मला अजून माफ केलेले नाहीत.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्याच सुमारास मी त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात जीपच्या थांब्याजवळ एक खोली घेऊन दोन कॉम्प्युटर मांडले. बाहेर पाटी लावली. क्लास, टायपिंग, लग्नपत्रिका आणि खाली मोठ्या अक्षरांत, कॉम्प्युटरवर जन्मपत्रिका. क्लासला पोरं बेताचीच यायची. खोली चालली ती जन्मपत्रिकांवर. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कागदाच्या चिटोऱ्यावर जन्मवेळ लिहून आणायची. मी ती टाकायचो, प्रिंटर करकर आवाज करत कुंडली काढायचा आणि समोरचा माणूस तो कागद देवळातला प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घ्यायचा. गुरुजींच्या बोटांवरच्या हिशोबात चूक होऊ शकते, यंत्र कसं चुकेल? असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

आमच्या गावच्या शिंप्याच्या मुलीची गोष्ट तेव्हाचीच. गाव तिथून दीड कोसावर. मुलीचं शिरड शहापूरकडं ठरत आलं होतं. गुरुजींनी गुण चांगले काढले होते, मुलगाही नोकरीचा होता. शिंप्यानं खात्रीसाठी म्हणून दोघांच्या जन्मवेळा माझ्याकडं आणल्या. कॉम्प्युटरनं छत्तीसातले अकरा दिले. शिंप्यानं दोनदा विचारलं, सर, बराबर हाय न? मी म्हणालो, गुरुजींचं काय घेऊन बसलात, हे यंत्र आहे. सोयरीक मोडली. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

थोडक्यात, मी दूधवाल्यावर, कंडक्टरवर, सासऱ्यावर, सगळ्यांवर संशय घ्यायचो. एका कॉम्प्युटरवर तेवढा घेत नव्हतो.

त्याच वर्षी नांदेडला गेलो असताना एका दुकानात लढाऊ विमानांच्या खेळाची सीडी मिळाली. अर्थातच नकली. वेष्टण म्हणजे मूळ खोक्याची झेरॉक्स. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की यातलं प्रत्येक विमान जुने नकाशे आणि कागदपत्रं तपासून हुबेहूब बनवलं आहे, अगदी पत्रा जोडणाऱ्या एकेका रिबीटापर्यंत. क्लास सुटला की मी विमान उडवायला बसायचो. पहिला आठवडा धावपट्टीच्या शेवटी आदळण्यातच गेला. मग जमायला लागलं. मग मला गोळ्या मारण्यापेक्षा तपासण्यातच जास्त गोडी वाटू लागली, कारण रक्तच तसलं. विमानाची लांबी किती, पंख किती, वजन किती, हे खेळातल्या माहितीवरून मी वहीत उतरवायचो आणि हिंगोलीच्या वाचनालयातल्या एका जाड्या इंग्रजी पुस्तकाशी ताडून पाहायचो. तीन विमानं तपासली. तिन्ही जुळली. तीन खरी निघाली म्हणून चौथं तपासायचं सोडायचं, असा आमच्या घराण्याचा रिवाज नव्हता. पण इथं मी तो मोडला.

चौथं होतं हंटर. मागं वळलेले पंख, नाकाच्या पोटाशी चार तोफा आणि अंगावर आपल्या देशाचा तिरंगी गोल. एकाहत्तरच्या लढाईत आपल्याकडं होतं ते. ते पडद्यावर पाहिलं आणि मला आबांची आठवण झाली.

आबा आमच्या गावचे. मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी हवाई दलात गेले, लढाई पाहिली, पेन्शनवर परत आले आणि पुन्हा मेंढरांमागं लागले. गाव त्यांना फौजी आबा म्हणायचं. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा त्यांच्याच हातानं फडकायचा. आदल्या दिवशी ते स्वतः येऊन झेंड्यात फुलं घालून त्याची घडी बांधायचे. गाठ अशी की एका झटक्यात सुटावी. हेडमास्तर भाषणात म्हणायचे, ज्यांनी आभाळातून शत्रूवर आग ओकली असे आपले आबा. आबा मान खाली घालून उभे राहायचे. हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत.

त्या न बोलण्यातच मला काळंबेरं दिसायचं. नोकरी होती यात शंका नव्हती, पेन्शन येत होती. पण नोकरी कसली? हॉटेलावर वडिलांनीच एकदा पुडी सोडून दिली होती की हा माणूस लंगरात भाकऱ्या भाजायला असणार. पायलट असता तर एसटीत आला नसता, मोटारीत आला असता. आबांना कुणी लढाईचं विचारलं तर ते तोफांच्या आणि काडतुसांच्या दोन-चार गोष्टी सांगत आणि मेंढरांना पाणी दाखवायचंय म्हणून उठत. त्यांच्या बोटांच्या टोकांवर बारीक बारीक जुने व्रण होते. ते म्हणत, काडतुसाच्या कड्यांनी कापलंय. मी मनात म्हणायचो, लोकर कातरायच्या कातरीनंही असंच कापतं.

एका बाजाराच्या दिवशी मी त्यांना चहाला म्हणून खोलीवर बोलावलं. चहा हे निमित्त होतं. आमच्या गावचे सात-आठ जण तिथं असतील अशीच वेळ मी साधली होती. शिंपी होता, हेडमास्तर होते, वडीलही होते. मी हंटर पडद्यावर आणलं, आतली बैठक दाखवली. काटे, तबकड्या, दांडा. म्हणालो, आबा, हे तुमचं विमान, जरा आम्हाला सांगा, इंजिन कसं सुरू करायचं.

आबांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, ते त्यांना ठाऊक नाही, ते पायलटचं काम. मी वेगाचा काटा विचारला. नाही. उंचीचा? नाही. मागं कुणीतरी खाकरलं. मी विचारलं, मग तुम्ही नेमकं काय करत होता? ते म्हणाले, तोफा. चार तोफांचा एक आख्खा पेटारा असतो, तो विमानाच्या पोटातून खाली उतरवायचा, भरलेला दुसरा वर चढवायचा. नळ्या तेवढ्या विमानातच राहतात. विमान उतरलं की काही मिनिटांत परत सोडायचं. हेडमास्तर माझ्याकडं पाहायला लागले, कारण इतकी वर्षं भाषणात ते आबांना आभाळातून आग ओकायला लावत होते.

मग आबा म्हणाले, "मला वरून नगं दाखवू. खालून दाखव."

मेंढरं विकत घेणारी माणसं अशीच. बाजारात जनावर उभं असलं की लोक पाठ थोपटतात, दात बघतात. आबांच्या घरचे लोक आधी खाली वाकून खूर आणि पोट बघतात. वरची लोकर फसवते, म्हणतात. मी बाहेरून पाहायची कळ दाबली आणि विमान उलटं करून पोट दाखवलं. आबा खुर्चीवरून पुढं सरकले. त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला आणि लगेच पडला. तोफांच्या मागं दोन्ही अंगांना दोन फुगवटे पाहिजेत, ते कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. गोळ्या माळेत ओवलेल्या असतात. गोळी सुटली की काडतुसाची रिकामी नळी खाली पडते, पण माळेची कडी बाहेर पडली तर विमानाच्याच पोटाला लागते, म्हणून ती या फुगवट्यात साठते. विमान उतरलं की कड्या काढून ते रिकामे करायचे. बोटं त्यातच कापतात. त्यांच्या तुकडीतली मराठी पोरं त्यांना गालगुंडं म्हणायची.

पडद्यावरचं पोट गुळगुळीत होतं. मी विमान चारी बाजूंनी फिरवलं. मुद्दाम सावकाश फिरवलं. गालगुंडं कुठंच नव्हती. मी खोक्याची झेरॉक्स काढून तिथं काय लिहिलंय ते मराठीत सगळ्यांना वाचून दाखवलं, रिबीटापर्यंत. मग म्हणालो, "आबा, यात तर असं काही नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शिंपी हळूच म्हणाला की कॅम्पुटरात न्हाई म्हणजे न्हाई. आबा पडद्याकडं बघतच म्हणाले, "असंल मंग." आणि चहा तसाच ठेवून गेले. वडील उठताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. त्यांनी माझ्या आयुष्यात असं दोन-तीनदाच केलं असेल.

त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला झेंडा सरपंचांनी फडकवावा असं ठरलं. कुणी उघड काही बोललं नाही. आबांचं वय झालंय, एवढंच कारण दिलं गेलं. झेंड्याची घडी शिपायानं बांधली होती. सरपंचांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, झेंडा वर जाऊन गाठोड्यासारखा लटकला आणि सुटेचना. शेवटी काठीनं सोडवावा लागला. पोरं खिदळली. मी गर्दीत आबांना शोधलं, ते आले नव्हते.

उन्हाळ्यात ते एकदा एकटेच खोलीवर आले. लोडशेडिंग होतं. वीज येईपर्यंत बाकावर बसून राहिले. मला वाटलं, भांडायला आलेत. मी मनात उत्तरं तयार ठेवली. वीज आली तेव्हा म्हणाले, एकडाव परत दाखव. मी दाखवलं. त्यांनी पडद्याला नाक लागेल इतकं जवळ जाऊन विमानाचं पोट पाहिलं.

"डोळे झाकले की मला ती दिसतेत," ते म्हणाले. "हाताला बी कळतेत. पन यात न्हाईत. मंग मी काय पाह्यलं असंल, मास्तर?"

तेव्हा मला खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण मला त्यांची दया आली आणि दयेच्या भरात मी जे बोललो ते आधीच्या अपमानाहून वाईट होतं. म्हणालो, वय झालं की होतं असं आबा, एका विमानाचं दुसऱ्याला लागतं. त्यांनी मान हलवली. व्हय, म्हणाले. आणि गेले.

त्यांच्या सुनेनं माझ्या बायकोला पुढं जे सांगितलं ते असं. आबा मेंढरं मोजायला लागले होते. मेंढरं राखणारा माणूस मोजत नसतो. संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना नुसती नजर टाकली की कोण आहे आणि कोण नाही ते त्याला कळतं, आणि मोजणं हे तर अपशकुनाचं मानतात. आबा तीन-तीनदा मोजायचे, तरी सुनेला विचारायचे की सगळी आली का. एकदा तर दारात उभ्या असलेल्या मेंढीलाच ती कुठं गेली म्हणून हाका मारत होते. सून म्हणाली, मामंजींचा स्वतःवरचा भरोसाच उडालाय.

मी शंका घेणारा माणूस आहे, पण दुसऱ्यावर. स्वतःवर घ्यायची वेळ आली की मी कामाला लागतो. मी पत्रिका काढत राहिलो. खेळ मात्र बंद केला. सीडी कपाटात टाकून दिली.

तीन-चार वर्षांनी बायकोच्या भावाच्या लग्नाच्या बोलणीसाठी नागपूरला जाणं झालं. दुपारी मोकळा होतो म्हणून पायी फिरत होतो. रस्त्याच्या कडेला एका बागेत जुनं विमान मांडलेलं दिसलं. चाकांवरच उभं, भोवती साखळी. वळलेले पंख, तिरंगी गोल. मी लांबूनच ओळखलं. जवळ गेलो, समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, आणि मग कुणी बघत नाहीसं पाहून साखळीखालून आत शिरलो आणि जमिनीवर उताणा पडलो.

होती. तोफांच्या मागं दोन्ही अंगांना. पत्र्याची, फुगीर, एखाद्या लेकराला गालगुंड व्हावं तशी. मी किती वेळ पडून राहिलो ते सांगता येत नाही. बागेचा राखणदार आला आणि त्यानं मला पायाला धरून बाहेर ओढलं. मी दारू प्यायलोय असा त्याला संशय होता. मी नाही म्हणालो तरी त्यानं तोंडाचा वास घेऊन पाहिला. मला त्याचा राग आला नाही.

नंतर शहरातल्या इंटरनेट कॅफेत तासभर घालवल्यावर कळलं ते असं. त्या जातीच्या अगदी सुरुवातीच्या विमानांना हे फुगवटे नव्हते, नंतर बसवले. खेळ बनवणाऱ्यांनी ते सुरुवातीचं अंग घेतलं आणि त्यावर आपला रंग दिला. लांबी बरोबर, पंख बरोबर, रिबीटंही कदाचित बरोबर असतील. फक्त ते आपलं विमान नव्हतं. आणि वहीत आकडे उतरवणाऱ्या शहाण्यानं आबांनी सांगेपर्यंत ते पोटाखालून पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याचा कॅमेरा घेऊन परत गेलो आणि फोटो काढले. गोरेगावला येऊन मोठे करून छापले. आबांच्या वाड्यावर जाऊन त्यांच्या हातात दिले आणि सांगितलं की तुमचं खरं होतं, माझं चुकलं. मला वाटलं होतं, ते रडतील किंवा मला शिव्या देतील. दोन्हीची मनाची तयारी होती.

आबांनी फोटो उन्हात धरला, तिरका केला, पाठीमागून पाहिला. मग विचारलं, "हे बी तुह्या कॅम्पुटरातूनच काढलं न?"

मी म्हणालो, छापलं तिथून, पण विमान खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. त्यांनी फोटो माझ्या हातात परत ठेवला. तवा न्हाईत म्हनला, आता हाईत म्हनून राहिला, असं म्हणाले आणि पाण्याच्या बादल्या उचलून चालू लागले. मी तिथंच उभा. आयुष्यभर लोकांवर जो संशय घेतला तो असा घरपोच परत आला होता. शिवाय त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही मला म्हणता येईना.

त्यांना नागपूरला घेऊन जायचं ठरवलं तर ते येईनात. गुडघे धरले होते, मेंढरांचं कोण बघणार, आणि खरं कारण त्यांनी सांगितलं नाही तरी मला कळत होतं. तिथं जाऊनही ती दिसली नाहीत तर काय, अशी त्यांना भीती वाटत होती. शेवटी सुनेनं मेंढरं चार दिवस मी बघते म्हणून सांगितलं आणि जवळजवळ भांडूनच त्यांना जीपमध्ये बसवलं. सेनगाव, वाशीम, तिथून पुढं एसटी. सगळ्या वाटेत ते माझ्याशी पाच-सहा वाक्यं बोलले असतील. एकदा मी पाणी आणून दिलं तर त्यांनी बाटलीचं झाकण सीलबंद आहे का ते पाहिलं. माझ्यासमोर पाहिलं.

राखणदार तोच होता. मला पाहून तो उठलाच. आबा त्याच्याशी हिंदीत हळू काहीतरी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं साखळी सोडली.

आबा विमानाच्या तोंडाकडं गेले नाहीत. तिरंगी गोलाकडं बघितलं नाही. सरळ पोटाखाली वाकले, गुडघ्यांची कुरकुर मला दोन पावलांवरून ऐकू आली, आणि न बघताच हात वर नेला. हात बरोबर डाव्या फुगवट्यावर पडला. त्यांनी तळवा फिरवला. मग बोटांच्या पेरांनी दोनदा ठकठक केलं आणि कान लावून ऐकलं. उजव्यालाही तसंच केलं.

"रिकामे हाईत," ते म्हणाले.

मग ते तिथंच मातीत बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी शेजारी बसलो. मलाही रडू आलं. राखणदार आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

घरी परतलो तेव्हा मेंढरं वाड्यात शिरत होती. आबा फाटकाला टेकून उभे राहिले. सून मोजायला लागली, तिला ती सवय त्यांनीच लावली होती. आबांनी तिला हातानं थांबवलं. कळपावर एक नजर टाकली आणि आत जाऊन हातपाय धुतले. मी निघालो तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं, आता चहा मिळणार.

"मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "गावापुढं न्हाई म्हनला व्हतास. गावापुढंच सांग."

सांगायचं म्हणजे काय सांगायचं, याचा विचार मी आठ दिवस केला. आबा खरे होते, एवढंच म्हणून भागणार नव्हतं. लोक विचारणार, मग कॅम्पुटर? आणि कॅम्पुटर चुकला म्हटलं की माझी पाटी, माझा प्रिंटर, बाजाराच्या दिवसाची रांग, सगळंच त्या एका वाक्यात येत होतं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, पोह्यांचं विचारायला लाज वाटली नव्हती, मग आता कशाला वाटते.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात हेडमास्तरांनी मला माईक दिला. हेडमास्तरांना मी आधीच सगळं सांगितलं होतं, म्हणून झेंड्याची घडी आदल्या दिवशी आबांनीच बांधली होती. ते खांबाशी दोरी धरून उभे होते, इस्त्रीची पॅन्ट आणि पांढरा सदरा. मी सगळं सांगितलं. चहाचं खोटं निमित्त सांगितलं, विमान मुद्दाम सावकाश फिरवलं तेही सांगितलं. वडील पुढच्या रांगेत बसले होते, ते सबंध वेळ जमिनीकडं पाहत होते. शेवटी म्हणालो की कॉम्प्युटरात जे माणसं घालतात तेवढंच असतं, आणि त्यांनी चुकीचं घातलं तर तो चुकीचंच दाखवतो. तो चुकला होता. मी त्याला तपासलं नव्हतं. आबा बरोबर होते.

टाळ्या वाजल्या. आबांनी दोरी एकदाच ओढली आणि झेंडा फुलं सांडत उघडला. राष्ट्रगीत झालं. पोरांना गोळ्या वाटायला सुरुवात झाली आणि लोक उठू लागले. तेवढ्यात मागच्या बाजूनं शिंपी पुढं आला. त्याच्या मुलीचं पुढं दुसरीकडं, माझ्याच यंत्राचे अठ्ठावीस गुण घेऊन, लग्न झालं होतं. दीड वर्षात ती परत आली होती आणि आता बापाच्या शेजारी बसून मशीन चालवत होती. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"सर," तो म्हणाला, "मंग आमच्या पोरीचं?"

पत्रिकेचा तो प्रोग्रॅमही मी त्याच नांदेडच्या दुकानातून आणला होता, तसल्याच झेरॉक्सच्या वेष्टणात. तो बरोबर होता की चूक, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. शिंपी वळून घराकडं गेला. मी पाटी त्याच दिवशी उतरवली, पण त्यानं कुणाचं काय भलं होणार होतं?

आबा दोरी खांबाला गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर माझ्याजवळ आले.

"माह्यं बराबर केलंस," ते म्हणाले. "तेचं काय करतूस आता?"

मी शिंप्याच्या घरी गेलो. दार उघडं होतं, मुलगी मशीनवर मान खाली घालून शिवत होती. तिनं वर पाहिलं आणि बसा म्हणाली. मी बसलो. आबांना निदान नागपूरला नेता आलं होतं, पोटाखाली हात लावू देता आला होता. हिला मी कुठं नेऊन काय दाखवणार होतो?